ड्रिल सॅकच्या तळाशी: नदीकाठच्या कातळावर स्पोर्ट रूट कसा उभारावा

मुरबाडच्या पुढे, काळू नदीच्या खोऱ्यात, शेवटच्या पाड्यापासून दीड तासाच्या चालीवर एक कातळ आहे. उंची जेमतेम पंचवीस मीटर, पायथ्याशी मोठमोठे धोंडे, त्यापलीकडे डोह. ठाणे-डोंबिवलीच्या आम्ही सहा जणांनी तीन हिवाळ्यांत तिथे नऊ रूट, म्हणजे चढाईच्या आखलेल्या वाटा, उभे केले. त्यातल्या पहिल्या हिवाळ्यात एकही भोक पाडलं नाही. पुढचं सगळं काम त्या हिवाळ्यामुळे नीट झालं, म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहितो आहे.

आपल्याकडच्या पोरांचं प्रस्तरारोहण बहुतेक मुंब्र्याच्या डोंगरावर सुरू होतं आणि माहुलीच्या सुळक्यांकडे बघत मोठं होतं. पक्के बोल्ट आधीपासून लावलेले आहेत, पडलं तरी चालेल, सगळं लक्ष अवघड हालचालीवर, असं म्हणजे स्पोर्ट पद्धतीने चढायचं तर बरेच जण कर्नाटकातली बदामी गाठतात. हा खेळ पहिल्यांदा आला त्या टोकियो ऑलिंपिकनंतर कृत्रिम भिंतीवर सराव करणारी मुलं वाढली आहेत आणि त्यांना घराजवळ खरा दगड हवा आहे. तो ठाणे जिल्ह्यात आहे. मात्र लीड (दोर घेऊन पहिलं चढणं), रॅपल (दोरावरून उतरणं), जुमारिंग (दोरावरून वर चढणं) आणि अँकर (दोराचा पक्का आधार) बांधणं ज्यांच्या हातात बसलेलं आहे, त्यांनीच हे काम अंगावर घ्यावं. बाकीच्यांनी आधी एखाद्या जुन्या क्लबबरोबर दोन हंगाम घालवावेत. तुम्ही लावलेल्या बोल्टवर उद्या अनोळखी पोरगी निर्धास्त पडणार आहे.

कातळाचं वर्षभराचं वागणं बघा

पहिली फेरी ऑक्टोबरच्या मध्यावर मारा, पाऊस नुकताच ओसरलेला असताना. तेव्हा कातळ सगळं खरं सांगतो. कुठल्या भेगेतून पाणी झिरपतं, काळे ओघळ कुठून कुठे जातात, शेवाळ कुठवर चढलं आहे, याचे फोटो काढा. तीच जागा डिसेंबरात पुन्हा बघा. डिसेंबरातही जी रेघ ओली असेल, तिथे बोल्ट लावायचा नाही. सतत ओला राहणारा धातू कुजतो आणि बोल्टचा आतला भाग बाहेरून दिसत नाही.

मग पुराची रेषा शोधा. काठावरच्या उंबर-करंजाच्या फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या किती उंचीवर आहेत ते मोजा. कातळाचा खालचा भाग गुळगुळीत घासलेला आणि फिकट दिसतो, त्यावरही पाणी कळतं. आमच्याकडे ही रेषा बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या, डोक्यावर जवळजवळ दीड मीटर आहे. तिच्या खाली हँगर (बोल्टवर बसणारी, दोर अडकवायची भोकाची पट्टी) ठेवला तर पुरात गडगडणारे धोंडे तो ठेचून काढतात. म्हणून पहिला बोल्ट पूररेषेच्या वरच हवा. तिथवरचे होल्ड (हातापायाच्या पकडी) अवघड असतील तर काठीने पहिला क्विकड्रॉ (पट्टीने जोडलेल्या दोन कड्या, एक हँगरला, एक दोराला) अडकवायची पद्धत ठेवा. नदीवर वरच्या अंगाला धरण किंवा बंधारा असेल तर पाणी कधी सोडतात हे गावात विचारून ठेवा. परतीच्या पावसात, आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही घाटमाथ्यावरच्या सरीने डोह अर्ध्या तासात चढतो.

दिशा महत्त्वाची. बेसाल्ट काळा आहे आणि उन्हात तवा होतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या कातळावर दुपारनंतर चढायचं, पश्चिमेच्या कातळावर सकाळी. मार्चपासून मुरबाडकडची दुपार कामाची राहत नाही. हंगाम खरा नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

दगड ओळखायला हातोडी लागते, पण त्याआधी डोळे. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला आहे, आणि एकाच कड्यात दोन-तीन प्रकारचा दगड एकावर एक सापडतो. घट्ट, निळसर-काळा, बारीक कणांचा बेसाल्ट सगळ्यात चांगला. त्यावरच्या थरात बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, त्यांत पांढरे-गुलाबी झिओलाइटचे स्फटिक भरलेले. बोटांना होल्ड छान मिळतात, पण बोल्ट धरायची ताकद कमी. दोन प्रवाहांच्या मधे कधीकधी विटकरी रंगाचा मातकट पट्टा असतो. तो पट्टा दिसला की तिथे काहीही लावायचं नाही, भोवतालचा दगड कितीही देखणा असो. आणि कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे कड्यात बसलेले असतील, तर रूटची ती रेघ सोडून द्या.

दुर्बीण घेऊन आग्यामोहोळ शोधा. पावसाळा संपला की आग्या माश्या कड्यांच्या ओव्हरहँगखाली पोळी धरतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. पोळं रिकामं दिसलं तरी जागा त्यांचीच समजा, कारण माश्या त्याच जागी परत येतात. पोळ्याच्या आसपासच्या रूटवर त्या हंगामात काम बंद. जाळणं, धूर करणं अजिबात नको. ड्रिलची थरथर दगडातून पोळ्यापर्यंत पोचते, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. डोहात उडी मारूनही सुटका होत नाही, माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात. कपारीत घुबड किंवा ससाणा घरटं करून असेल तर पिल्लं उडेपर्यंत तो भाग सोडायचा.

जमीन कुणाची, डोह कुणाचा

सातबारा आणि गावनकाशा काढा. कातळ राखीव वनात आहे, गायरानात आहे की कुणाच्या मालकीचा, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. वनजमीन असेल तर १९२७ चा भारतीय वन कायदा लागतो, अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा. परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. किती भोकं, कसला धातू, किती माणसं, झाडं तोडणार नाही, हे सगळं त्यात लिहा. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला खरे अधिकार आहेत. ग्रामसभेत जाऊन बोलणं हा उपचार समजू नका.

आम्हाला सगळ्यात मोलाची गोष्ट तिथेच कळली. पाड्यावरचे एक म्हातारे बाबा आमच्याबरोबर डोहापर्यंत आले. कातळाच्या डाव्या टोकाला शेंदूर लावलेले सात दगड दाखवून म्हणाले, "हितं साती आसरा हाईत. ह्या अंगाला वरनं दगूड नका पाडू." आमच्या यादीतली सगळ्यात सुंदर रेघ नेमकी त्या सात दगडांवर होती. ती आम्ही यादीतून काढली. त्याच डोहात बायका धुणं धुतात, कातकरी मासे धरतात, आणि खालच्या वळणावर पिण्याच्या पाण्याचा झरा आहे. हे कळलं म्हणून सफाईचे दिवस त्यांना विचारून ठरवले. बाजाराचा वार सोडून दिला, कारण त्या दिवशी सगळा पाडा नदी ओलांडतो.

जुन्या चढायांचीही चौकशी करा. आधी कुणी नैसर्गिक भेगांत नट आणि फ्रेंड (भेगेत अडकवून परत काढता येणारी, पडणं अडवणारी साधनं) लावून चढून गेलं असेल तर ती चढाई बोल्ट ठोकून बिघडवू नका. भेग स्वतः असं प्रोटेक्शन घेत असेल तर तिच्या शेजारी बोल्ट कशाला?

वरून उतरणं आणि सफाई

वर जायला घळीतून वाट काढा. माथ्यावर बहुधा घसारा आणि वाळलं गवत असतं. जिवंत, मांडीएवढ्या बुंध्याची दोन झाडं किंवा पक्का रुतलेला धोंडा मिळवून त्यावर स्थिर दोर बांधा, १० ते ११ मिमीचा. कड्याच्या धारेवर दोराखाली जाड कॅनव्हास घाला. दोराच्या शेवटी गाठ. हातोडी, पहार, ब्रश, सगळं दोरीने हार्नेसला बांधलेलं. एवढं झालं की उतरा, आणि उतरताना घाई करू नका.

हातोडीने प्रत्येक होल्ड आणि होल्डभोवतीचा दगड वाजवत जायचं. घट्ट दगड टणटण वाजतो आणि हातोडी उसळी घेते. पोकळ दगड भद् वाजतो, हातोडी बसल्यासारखी वाटते. तळहात शेजारी टेकवून मारलं तर सुटा पापुद्रा हाताखाली थरथरलेला कळतो. कान चुकला तरी हात चुकत नाही. जिथे भद् वाजलं तिथे खडूने फुली मारा.

सुटे धोंडे पहारेने खाली पाडायचे, पण आधी दोन माणसं उभी करा, एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. दोघांच्याही गळ्यात शिटी. दोघांची शिटी आल्याशिवाय पहार लावायची नाही. पडलेला धोंडा पायथ्याच्या धोंड्यांवर फुटून कुठेही उडतो, म्हणून पायथ्यापासून निदान कड्याच्या उंचीइतकं अंतर मोकळं हवं. एखादा मोठा धोंडा हलतो पण निघत नाही, असं झालं तर त्याला अर्धवट सोडून घरी जाऊ नका. तो त्याच दिवशी पाडा किंवा ती रेघ बंद झाल्याची खूण खाली लावा.

घासायला नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश फक्त मातीच्या जाड थरावर. होल्ड कोरणं, फोडून मोठा करणं, गोंदाने चिकटवणं हे करू नका. आज तुम्हाला न जमणारी हालचाल दहा वर्षांनी कुणीतरी करेल.

खडूच्या खुणा

सफाई झाली की टॉप रोपवर, म्हणजे वरून बांधलेल्या दोरावर, चढा. वेगवेगळ्या उंचीच्या निदान तीन माणसांनी. आमच्या पहिल्या रूटवर मी हे टाळलं. मी पाच फूट अकरा इंच. दोरावर लटकून, हात सहज पोचतो तिथे चौथा बोल्ट लावला. पुढच्या आठवड्यात आमच्यातली पाच फुटांची मैत्रीण त्या जागी आली, आणि तिला चांगला होल्ड सोडून निसरड्या धारेवरून हात लांबवावा लागला. ती पडली, घोटा धोंड्याला घासला. जखम किरकोळ होती, पण चूक किरकोळ नव्हती. तो बोल्ट काढून मी चाळीस सेंटिमीटर खाली दुसरा लावला. जुनं भोक गोंद आणि दगडाच्या भुकटीने बुजवलं, तरी मला ते अजून लांबून दिसतं.

म्हणून आता नियम असा: चढताना जिथे दोन्ही पाय स्थिर आणि एक हात मोकळा होतो, तिथे थांबायचं आणि कमरेपासून डोक्यापर्यंत जिथे दोर आरामात क्लिप होईल, म्हणजे क्विकड्रॉत अडकवता येईल, तिथे खडूने खूण करायची. तिघांच्या खुणा जिथे जुळतात, ती बोल्टची जागा. मग तिथे क्विकड्रॉ टांगून बघा. त्याचा कॅरॅबिनर (कडी) दगडाच्या धारेवर आडवा टेकतो का? दोर कोपऱ्यावर घासतो का? पडलं तर खाली कुठला टप्पा किंवा धोंडा लागतो?

दुसऱ्या आणि तिसऱ्या बोल्टमधलं अंतर सगळ्यात घातक. हिशोब करून बघा. दुसरा बोल्ट ५ मीटरवर, तिसरा ७ मीटरवर आहे. चढणारा डोक्यावर हात करून क्लिप करतोय, म्हणजे त्याचा हार्नेस ६.२ मीटरवर. क्लिपसाठी ओढलेला दोर दुसऱ्या बोल्टपासून २ मीटर वर जातो आणि ०.८ मीटर खाली हार्नेसला येतो, एकूण २.८ मीटर. त्या क्षणी हात सुटला तर हार्नेस ५ वजा २.८, म्हणजे २.२ मीटरवर येतो. त्यात दोराचा ताण आणि बिलेची ढील मिळून १.२ मीटर धरा. हार्नेस उरला १ मीटरवर, आणि पाय हार्नेसच्या मीटरभर खाली असतात. म्हणजे थेट धोंड्यांवर. तोच तिसरा बोल्ट ६.२ मीटरवर आणला तर पाय जमिनीपासून ०.८ मीटर वर थांबतात. वर गेल्यावर दोन-अडीच मीटर अंतर चालतं, खाली नाही. नदीकाठी तर बिलेची जागाही सपाट नसते, त्यामुळे खालचे तीन बोल्ट जवळजवळच ठेवा.

बोल्ट कोणता

हार्डवेअरच्या दुकानातला बांधकामाचा बोल्ट आणि घरी वाकवलेली पट्टी यांवर माणूस टांगू नका. ईएन ९५९ किंवा यूआयएए १२३ या प्रस्तरारोहणाच्या अँकरसाठीच्या मानकाचा शिक्का असलेलेच हँगर आणि बोल्ट घ्या. ईएन ९५९ नुसार अँकरने आडवा २५ किलोन्यूटन आणि सरळ बाहेर ओढताना १५ किलोन्यूटन भार पेलायला हवा.

धातू स्टेनलेस, शक्यतो ३१६. चार महिने धो-धो पाऊस आणि शेजारी नदी असताना जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बोल्ट किती टिकणार? दोन धातू एकत्र करू नका. स्टेनलेस हँगर आणि साधा लोखंडी बोल्ट ओलाव्यात एकत्र आले की लोखंड झपाट्याने गंजतं. खरेदी करताना लोहचुंबक लावा. जोरात चिकटला तर माल परत. पण ३०४ आणि ३१६ मधला फरक चुंबक दाखवत नाही, त्यासाठी बोल्टच्या डोक्यावरचा ठसाच बघायचा. समुद्राच्या अगदी जवळच्या कड्यांची गोष्ट वेगळी. थायलंडमध्ये क्राबीच्या किनाऱ्यावर स्टेनलेस बोल्टही तडकून तुटले आणि तिथे टायटॅनियम लावावं लागलं.

घट्ट बेसाल्टात १२ मिमीचा, ९० ते १०० मिमी लांबीचा वेज बोल्ट (आवळला की आतलं टोक फुगून दगडाला घट्ट धरणारा) उत्तम बसतो. पोकळ्यांच्या थरात वेज बोल्ट कडेचा दगड दाबून फोडू शकतो, तिथे गोंदाने बसवायचा बोल्ट घ्या. गोंद आणि बोल्ट एकमेकांसाठी तपासलेले असावेत, आणि गोंदाची तारीख बघा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडून राहिलेली ट्यूब वापरू नका.

भोक

आता ड्रिल काढा. चष्मा, मास्क, हेल्मेट. जागा पुन्हा वाजवा. धारेपासून किंवा भेगेपासून निदान १५-२० सेंटिमीटर अंतर हवं. हँगरखालचा दगड सपाट हवा, नसेल तर हातोडीने थोडा साफ करा. बिट दगडाच्या पृष्ठभागाला काटकोनात धरा, आणि खोलीची खूण म्हणून बिटवर चिकटपट्टी लावा. वेज बोल्टसाठी भोक बोल्टपेक्षा खोल घ्या. पुढे कधी तो निवृत्त करायचा झाला तर आत ठोकून वर बुजवता येतो.

भुकटीकडे लक्ष ठेवा, ती आतल्या दगडाची बातमी देते. राखाडी, बारीक, एकसारखी येत असेल तर उत्तम. मधेच पांढरे कण आले तर स्फटिकाची पोकळी लागली. रंग तांबूस झाला आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर तिथेच थांबा, ते भोक वाया गेलं असं समजा. बिटने अचानक धक्का देऊन पुढे उडी मारली तरी तेच. अशा भोकात "बसतोय की" म्हणून बोल्ट लावू नका. अर्धा मीटर बाजूला नवी जागा शोधा, आणि तशी जागा नसेल तर रूट सोडा. आमच्या एका रूटवर सहाव्या बोल्टला हे झालं. ती रेघ आता पाचव्या बोल्टवर अँकर लावून संपते.

मग फुंकणी, ब्रश, फुंकणी, ब्रश, भुकटी यायची थांबेपर्यंत. गोंदाच्या बोल्टसाठी ही सफाईच सगळं ठरवते, कारण धुळीला चिकटलेला गोंद दगडाला चिकटत नाही. ट्यूबमधून पहिला आलेला गोंद रंग एकसारखा होईपर्यंत पिशवीत टाका. भोक तळापासून भरत या, बोल्ट फिरवत आत ढकला, बाहेर आलेला गोंद पुसून त्याच पिशवीत. हा गोंद माशांना विषारी आहे. एक थेंबही डोहात जाऊ देऊ नका, पिशव्या आणि रिकाम्या नळ्या परत आणा. गोंद सुकायला किती वेळ लागतो ते ट्यूबवर तापमानानुसार लिहिलेलं असतं, तेवढा वेळ बोल्टला लाल कापड बांधून ठेवा आणि हात लावू नका.

वेज बोल्ट हातोडीने बसवून टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळायचा, उत्पादकाने सांगितला आहे तेवढाच. आणखी जोर म्हणजे आणखी सुरक्षा, असं नसतं. जास्त आवळलेला बोल्ट आधीच ताणलेला असतो. आमच्या १८ व्होल्टच्या ड्रिलने एका बॅटरीत अशी दहा-बारा भोकं होतात. दूरच्या कातळावर दोन बॅटऱ्या आणि दोन बिट लागतातच.

वरचा अँकर

दोन बोल्ट, साधारण २० सेंटिमीटर अंतरावर, दोन्हींवर भार येईल असे, स्टीलच्या कड्या किंवा साखळीसह. अँकर माथ्याच्या धारेवर नको, तिच्या खाली स्वच्छ भिंतीवर हवा. म्हणजे दोर घासत नाही आणि कुणी घसाऱ्यावर पाय ठेवून खाली दगड पाडत नाही. रूटची उंची मोजून खाली लिहा. पंचवीस मीटरच्या रूटला ६० मीटरचा दोर पुरतो, तरी दोराच्या टोकाला गाठ मारायची सवय लावा.

दूरच्या कातळाची तयारी

पहिल्याच आठवड्यात मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा शोधा आणि सगळ्यांना दाखवा. आमच्याकडे ती वीस मिनिटं वर, एका जांभळाच्या झाडाजवळ आहे. जीप कुठवर येते, १०८ ला कुठला पत्ता सांगायचा, पाड्यावरून माणूस उचलून न्यायला कोण येईल, हे कागदावर लिहून सॅकच्या वरच्या खणात ठेवा. पायथ्याच्या कपारींत फुरसं असतं, म्हणून बूट झटकूनच पाय घालायचा. साप चावला तर चिरणं-चोखणं नाही, पाय हलू न देता थेट दवाखाना, आणि प्रतिसर्पविष कुठल्या रुग्णालयात मिळतं हे आधी विचारून ठेवलेलं असावं. एक रिकामा दिवस मोडून स्ट्रेचरवर माणूस पाड्यापर्यंत नेऊन बघा. आम्हाला दीड तासाच्या वाटेला साडेतीन तास लागले, आणि त्यानंतर आम्ही वाटेवरचे दोन अवघड टप्पे दगड रचून सोपे केले.

नाव, श्रेणी, वही

रूटला श्रेणी, म्हणजे अवघडपणाचा दर्जा, देण्याआधी चार-पाच जणांना चढू द्या. उभारणाऱ्याला रूट पाठ झालेला असतो, त्यामुळे त्याची श्रेणी बहुधा कमी येते. नाव गावात विचारून द्या. आमच्या दोन रूटची नावं पाड्यातल्या मुलांनी ठेवली आहेत.

प्रत्येक बोल्टची नोंद वहीत: रूट, क्रमांक, प्रकार, धातू, तारीख, भुकटीचा रंग. ती वही दर नोव्हेंबरात बरोबर न्यायची. वरून उतरत प्रत्येक हँगर हाताने फिरवून बघायचा, नट सैल असेल तर टॉर्क पान्याने आवळायचा, गंजाचा ओघळ दिसला तर तो बोल्ट बदलायचा, आणि पूररेषा पुन्हा मोजायची. मागच्या नोव्हेंबरात रेषा चाळीस सेंटिमीटर वर गेलेली दिसली. तिसऱ्या रूटच्या पहिल्या बोल्टचा हँगर धोंडा लागून वाकला होता. तो काढला, त्याच सरळ रेषेत साठ सेंटिमीटर वर घट्ट दगडात नवा लावला, आणि काठीने क्लिप करायची खूण खाली धोंड्यावर रंगवण्याऐवजी वहीत आणि पाड्यावरच्या शाळेत लावलेल्या नकाशावर केली.